घरी पाइप ऑर्गन वाजवण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, आणि स्वर उशिरा का येतो?

पायपेटी_बडोदे

नमस्कार. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. आमच्या माडीवर वडिलांची पायपेटी आहे. गावातल्या हौशी मंडळींच्या संगीत नाटकांना ते ऑर्गनची साथ करीत आणि तालमी आमच्याच घरी होत, त्यामुळे पायांनी भाता हलवीत दोन्ही हातांनी वाजवायचे हे वाद्य मी लहानपणापासून पाहत आणि पुढे स्वतः वाजवीत आले. वडील जाऊन अकरा वर्षे झाली. भात्याचे कापड आता जागोजागी विरले आहे, गेल्या दोन पावसाळ्यांत काही रीडवर हिरवट गंज चढला आहे, आणि हे वाद्य उघडून नीट बसवून देईल असा कारागीर मला इथे मिळालेला नाही.

दीड वर्षापूर्वी मुंबईला एका चर्चमध्ये खरा पाइप ऑर्गन ऐकण्याचा योग आला. वादकाने पायाखालची सर्वांत खालची पट्टी दाबली तेव्हा तो स्वर कानांच्या आधी बाकाच्या लाकडातून पाठीला जाणवला. तेव्हापासून हे वाद्य घरी कसे वाजवता येईल, याचा शोध घेते आहे. चौकशी करता करता कळले की जुन्या ऑर्गनांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ते संगणकावर वाजवता येतील अशी सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. भाचीचा ६१ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, म्हणजे कोणती पट्टी दाबली ते संगणकाला कळवणारा, माझ्याकडे आहे, लॅपटॉप विंडोजचा असून त्यात ८ जीबी मेमरी आहे. त्यावर ग्रँडऑर्ग हे विनामूल्य सॉफ्टवेअर बसवले आणि त्याच्यासोबत आलेला नमुन्याचा ऑर्गन उघडला. घरात आणि शेजारी त्रास नको म्हणून मुलाने दिलेले बिनतारी इअरफोन लावून वाजवायला बसले, पण पट्टी दाबल्यावर स्वर इतका मागून येतो की चौथ्या स्वरावर बोट असते तेव्हा कानात दुसरा वाजत असतो. चार ओळी वाजवल्या की लय पूर्ण विस्कटते.

माझ्या शंका अशा आहेत. हा उशीर लॅपटॉप कमी ताकदीचा असल्यामुळे होतो का, आणि त्यासाठी नवा घ्यावा लागेल का? ग्रँडऑर्ग पुरेसे आहे की हाउप्टवेर्कसारखे विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे? वडिलांच्या पायपेटीच्या चिनी मातीच्या खुंट्यांवर ‘डायपेसन ८’, ‘प्रिन्सिपल ४’, ‘व्हॉक्स ह्युमाना’ अशी अक्षरे आहेत. सॉफ्टवेअरमध्येही १६, ८, ४ आणि चक्क २ २/३ असे आकडे दिसतात, त्यांचा अर्थ काय समजावा? आणि पायांनी वाजवायच्या पट्ट्या नसतील तर या सगळ्याला काही अर्थ उरतो का? माझ्या हाताशी फार पैसा नाही, पण वेळ आणि सराव करण्याची तयारी भरपूर आहे.

मंद्रसप्तक

ताई, मीही बडोद्याचाच, अलकापुरीत राहतो आणि गेली सहा वर्षे घरी असा ऑर्गन वाजवतो आहे. आपले पत्र वाचताना ‘बिनतारी इअरफोन’ या शब्दांपाशीच उशिराचे कारण सापडले. ब्लूटूथवरून जाणारा आवाज आधी दाबून लहान केला जातो, मग तुकड्यातुकड्यांनी पाठवला जातो आणि कानाशी पुन्हा उलगडला जातो. या व्यवहारात एक दशांश ते पाव सेकंद सहज जातो. चित्रपट पाहताना यंत्र चित्रालाही तेवढेच मागे ठेवते म्हणून तो उशीर आपल्या लक्षात येत नाही, पण वाजवणाऱ्याच्या बोटाला असे मागे ठेवता येत नाही. तेव्हा नवा लॅपटॉप घेण्याचा विचार आज सोडून द्यावा आणि तारेचा, कान पूर्ण झाकणारा साधा हेडफोन आणावा. लॅपटॉपच्या अंगच्या स्पीकरवर तर मुळीच वाजवू नये. पायांच्या पट्ट्यांतला सर्वांत खालचा, १६ फुटी (या आकड्याचा अर्थ पुढे सांगतो) सी हा स्वर सुमारे ३३ हर्ट्झचा असतो आणि तो या इवल्याशा स्पीकरांतून उमटतच नाही.

हेडफोन बदलल्यावरही थोडा उशीर उरेल. तो विंडोजच्या नेहमीच्या ध्वनिमार्गामुळे असतो. ग्रँडऑर्गच्या ध्वनी आणि मिडीच्या सेटिंगमध्ये आवाज बाहेर जाण्याचे मार्ग निवडता येतात. तिथे डायरेक्टसाउंडऐवजी वासापी किंवा असिओ निवडावा. लॅपटॉपला स्वतःचा असिओ ड्रायव्हर नसेल तर ‘असिओ फॉर ऑल’ हा विनामूल्य ड्रायव्हर बसवता येतो. त्यानंतर बफरचा आकडा पाहावा. संगणक आवाज एकेक थेंब न पाठवता ओंजळीने पाठवतो, आणि बफर म्हणजे त्या ओंजळीचे माप. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने १०२४ चा बफर भरायला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात, तर २५६ चा भरायला पाचांहून थोडे अधिक. माप फार लहान केले तर संगणकाला वेळेवर ओंजळ भरणे जमत नाही आणि आवाजात कडकड येऊ लागते. म्हणून ५१२ पासून सुरुवात करून खाली यावे, कडकड सुरू झाली की एक पायरी वर चढावे आणि तिथेच थांबावे. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा आणि वीज वाचवण्याची सोय बंद असावी. माझ्याकडे बरेच दिवस होणारी कडकड एवढ्याने थांबली होती.

शून्य उशिराच्या मागे मात्र लागू नये. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंदांत साडेतीन मीटरच्या आसपास. खऱ्या ऑर्गनाचे पाइप वादकापासून पुष्कळदा याहून दूर असतात आणि तरीही तो निश्चिंतपणे वाजवतो.

आता सॉफ्टवेअरविषयी. ग्रँडऑर्ग हे मुक्त स्रोताचे आहे, ते विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते आणि घरच्या वादकाला त्यात काही कमी पडते असे मला सहा वर्षांत वाटलेले नाही. हाउप्टवेर्क २००२ पासून बाजारात आहे, या क्षेत्रात त्याचा मोठा दबदबा आहे, आणि अनेक भव्य ऑर्गनांचे सॅम्पल सेट, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाजांचे संच, केवळ त्याच्यासाठीच कुलूपबंद स्वरूपात विकले जातात. असे सेट ग्रँडऑर्गमध्ये उघडत नाहीत. पण आपली आजची गरज भव्य ऑर्गनाची नाही. सात-आठ स्टॉपचा (स्टॉप म्हणजे खुंटी ओढून सुरू होणारी एका रंगाच्या पाइपांची रांग) एखादा लहान गावचा ऑर्गन घ्यावा आणि वर्षभर तोच वाजवावा, असा माझा आग्रह आहे. मी पहिल्याच महिन्यात साठ स्टॉपचा सेट उतरवून घेतला होता. तो मेमरीत मावेना आणि मावला तेवढ्यात काय निवडावे ते कळेना, म्हणून शेवटी काढून टाकला.

सॅम्पल सेट म्हणजे काय हे एकदा कानाने समजून घेतले की पुढचे सारे सोपे जाते. चांगल्या सेटमध्ये प्रत्येक पाइप वेगळा ध्वनिमुद्रित केलेला असतो. त्याच्या सुरुवातीला हवा पाइपाच्या ओठावर आदळताना होणारा छोटासा फुस्स असा उच्चार असतो, मग स्थिर स्वर, ज्याचा एक तुकडा पट्टी दाबून ठेवली असेपर्यंत बेमालूम फिरत राहतो, आणि बोट उचलल्यावर त्या वास्तूत विरत जाणारी आस. आपण एक प्रयोग करून पाहावा. फ्लूट ८ हा एकच स्टॉप ओढावा, मधली एक पट्टी टिचकी मारल्यासारखी दाबून सोडावी, आणि मग तीच पट्टी तीन सेकंद दाबून सोडावी. दोन्ही वेळा मागे उरणारी आस वेगळी ऐकू येईल, कारण अल्प स्वराने वास्तू पुरती भरत नाही आणि दीर्घ स्वराने भरते. चांगल्या सेटमध्ये म्हणूनच एका पाइपाच्या दोन-तीन वेगवेगळ्या आसा मुद्रित केलेल्या असतात. या वाद्यात स्वर सोडणे हे स्वर लावण्याइतकेच वादनाचा भाग आहे, आणि ती समज हेडफोन लावून केलेल्या या प्रयोगातून जितकी येते तितकी वाचून येत नाही.

मेमरी एवढी का लागते हेही यातच आले. ६१ पट्ट्यांच्या एका स्टॉपला ६१ पाइप, दहा स्टॉपना सहाशेच्या वर, आणि प्रत्येकाचे हे तिन्ही भाग मेमरीत चढवून तयार ठेवावे लागतात, कारण बोट पडल्यावर डिस्कवरून शोधायला वेळ नसतो. ८ जीबीत लहान ऑर्गन आरामात बसतो. तरीही अडचण आली तर ग्रँडऑर्गमध्ये ऑर्गन चढवताना नमुने १६ बिटांवर घ्यावेत, आणि गरज पडलीच तर एकच आस घेण्याचा पर्याय निवडावा. स्टिरिओचे मोनो मात्र शेवटचा उपाय म्हणून करावे, कारण त्याने वास्तूचा घेर नाहीसा होतो.

आकड्यांचा अर्थ आपल्याला पेटीच्या भाषेत चटकन कळेल. हार्मोनियमवाले रीडच्या जोडाला खर्ज, नर आणि मादी म्हणतात, तसेच इथे १६, ८ आणि ४ समजावे. हे आकडे फुटांचे आहेत. सर्वांत खालच्या सी पट्टीचा उघडा पाइप सुमारे आठ फूट लांब असला तर तो स्टॉप आठ फुटी, आणि तो पट्टीवर लिहिलेल्या उंचीचाच स्वर देतो. सोळा फुटी एक सप्तक खाली, चार फुटी एक सप्तक वर. रीडच्या वाद्यात इतके लांब काही नसते, तरीही पायपेटी बनवणाऱ्यांनी पाइप ऑर्गनाचेच आकडे आणि नावे खुंट्यांवर घातली. आपल्या पेटीतला ‘व्हॉक्स ह्युमाना’ उघडून पाहिला तर बहुधा हवेने फिरणारी एक लहान पंखी सापडेल, जी स्वराला कंप देते. पाइप ऑर्गनात त्याच नावाची पाइपांची स्वतंत्र रांग असते.

आणि २ २/३ हा आकडा तर तानपुरा ऐकलेल्या माणसासाठीच आहे. आठाचे तीन भाग केले की २ २/३ येतात, म्हणजे हा मूळ स्वराचा तिसरा उपस्वर झाला. सा दाबला की हा स्टॉप वरच्या सप्तकातला पंचम देतो. त्याहून पुढचा १ ३/५ हा पाचवा उपस्वर, म्हणजे खर्जाच्या तारेतून आपल्याला ऐकू येणारा स्वयंभू गंधार. हे स्टॉप एकटे वाजवायचे नसतात. आठ फुटीवर हळूच चढवले की वेगळा पंचम किंवा गंधार ऐकू न येता मूळ स्वराचाच रंग पालटतो. आधी ८, मग ४, मग २ २/३, मग २, आणि शेवटी १ ३/५ अशा क्रमाने एकच सा दाबून ठेवत स्टॉप ओढत जावे. मला या वाद्याचे वेड लागले ते असे करताना.

पायांच्या पट्ट्यांचा अनुभव मला बेताचाच आहे, त्यावर इतरांनी लिहावे.

तारषड्ज_इंदूर

वरच्या उत्तरातल्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, पण एका पर्यायाचा उल्लेख राहिला. ऑर्गनटेक हे फ्रान्समधल्या तुलूझच्या मोडार्ट कंपनीचे सॉफ्टवेअर ध्वनिमुद्रित नमुने वापरतच नाही. पाइपात हवा कशी वागते याचे गणित मांडून ते स्वर त्या क्षणी घडवते, त्यामुळे मेमरी अगदी थोडी लागते. लिनक्सवर एओलस नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअरही नमुन्यांवाचून चालते, मात्र त्याची पद्धत वेगळी आहे. ते उपस्वर एकावर एक रचून आवाज तयार करते. माझ्या कानाला खऱ्या वास्तूची आस ध्वनिमुद्रित संचातच अधिक पटते, म्हणून मी स्वतः ग्रँडऑर्गवरच आहे. पण ज्यांच्याकडे फारच जुना संगणक आहे त्यांनी हे दोन्ही मार्ग पाहावेत.

पायांच्या पट्ट्यांविषयी आपण विचारले आहे, ताई. त्या नसतील तर अर्थ उरत नाही असे मुळीच नाही. ऑर्गनाच्या वाङ्मयात केवळ हातांनी वाजवण्याच्या रचना पुष्कळ आहेत, आणि वर्षभर त्याच वाजवाव्यात. शिवाय काही ऑर्गनांच्या फाइलमध्ये ‘बास कपलर’ दिलेला असतो. तो सुरू केला की हातांनी दाबलेल्या स्वरांतला सर्वांत खालचा स्वर आपोआप पायांच्या स्टॉपवरही वाजतो. संथ रचनांत त्याने मंद्राचा आधार छान मिळतो.

तरीही पुढे पायांच्या पट्ट्या हव्या झाल्या तर घरी करता येतात. मी इथे इंदूरला ओळखीच्या सुताराकडून ३० पट्ट्यांचा संच सागवानात करवून घेतला. पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्यांतले अंतर सुमारे अडीच इंच ठेवले, प्रत्येक पट्टीच्या टोकाला लोहचुंबक आणि खाली चुंबक जवळ येताच जोडला जाणारा, काचेच्या नळीतला रीड स्विच बसवला, आणि ते सारे आर्डुइनो नावाच्या एका छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला जोडले, जो संगणकाला यूएसबीवरून मिडी पाठवतो. पहिल्या खेपेला मी दाबायची साधी बटणे लावली होती, ती चूक ठरली. पट्टी दर वेळी टकटक वाजे, आणि बटणातले पत्रे क्षणभर थरथरल्यामुळे एका पावलाला दोन-तीन स्वर जात. चुंबकाच्या स्विचांनी आवाज गेला. थरथर थोडी उरली होती, ती प्रोग्राममध्ये पाच मिलिसेकंद थांबून मगच स्वर पाठवण्याची सूचना घातल्यावर थांबली. पट्टीखाली जाड नमद्याचा थर विसरू नये.

आणखी एक सांगतो, कारण पायपेटीवरून येणाऱ्या माणसाला हेच सर्वांत जड जाते. पायपेटीत श्वास आपल्या पायांत असतो. पाय जोरात चालवला की स्वर फुलतो, हळू केला की मावळतो, आणि गाणाऱ्याच्या जागेबरोबर आपण नकळत भाता हलवीत असतो. पाइप ऑर्गनात हवेचा दाब स्थिर असतो, पट्टी हलके दाबा की जोरात, स्वर तेवढाच राहतो. म्हणून आपल्या कीबोर्डचा दाबाचा गुण इथे उपयोगी पडत नाही, आणि पियानोचा सस्टेन पेडलही नाही. स्वर जोडायचे ते बोटांनीच. पट्टी न सोडता तिच्यावरच एका बोटाच्या जागी दुसरे बोट सरकवायचे. वाक्याला उठाव द्यायचा तो दोन स्वरांमधल्या सूक्ष्म फटीने. दोन्ही हात मोकळे ठेवून वाजवण्याची आपली सवय मात्र इथे थेट कामी येईल. हातपेटी वाजवणाऱ्यांचा डावा हात भात्यावर अडकलेला असतो, त्यांना तो पट्ट्यांवर आणायलाच बरेच महिने लागतात.

पायपेटी_बडोदे

दोघांचेही मनापासून आभार. मुलाचा तारेचा जुना हेडफोन मिळाला, आणि तो लावताच निम्म्याहून अधिक त्रास गेला. असिओ फॉर ऑल बसवून बफर २५६ वर आणला, तेव्हा किंचित कडकड झाली, म्हणून ५१२ वर ठेवला आहे. आता बोट आणि स्वर यांच्यात मला काही अंतर जाणवत नाही.

मंद्रसप्तक यांनी सांगितलेला आसेचा प्रयोग दुपारी खिडक्या लावून केला. दीर्घ स्वर सोडल्यावर मागे जे विरत गेले ते ऐकताना मी बराच वेळ दुसरी पट्टी दाबलीच नाही. मग क्रमाने स्टॉप ओढत १ ३/५ पर्यंत गेले. शेवटची खुंटी ओढण्याआधी गंधार वेगळा ऐकू येईल असे वाटले होते, पण स्वर जणू पितळेचा झाला.

याच संदर्भात एक गोष्ट मनात आली. वडिलांच्या पेटीतल्या बऱ्याचशा रीड अजून सुरेल आहेत, भाता मात्र फार दिवस टिकेल असे दिसत नाही. चर्चमधले ऑर्गन जसे पाइपागणिक मुद्रित करतात, तशी ही पायपेटी मुद्रित करून ग्रँडऑर्गमध्ये घालता येईल का? हे काम माझ्यासारखीला झेपण्यासारखे आहे का?

स्वरलेखन

झेपण्यासारखे आहे आणि लवकर करावे. मी एका जुन्या हार्मोनियमचा असा संच करून पाहिला आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

आधी पेटीच्या पट्ट्या कोणत्या स्वरापासून कोणत्या स्वरापर्यंत आहेत ते पाहावे. अमेरिकी धाटणीच्या पायपेट्या बहुधा सी पासून सुरू न होता एफ ते एफ अशा पाच सप्तकांच्या असतात. तशी असेल तर आठ फुटी स्टॉपचे मिडी क्रमांक (मिडीत प्रत्येक स्वराला ठरलेला आकडा) २९ ते ८९ असे होतील, आणि फाइलींना पहिल्यापासून तेच क्रमांक द्यावेत, म्हणजे पुढे घोळ होत नाही. अनेक पायपेट्यांत स्टॉप मध्यावर दुभंगलेले असतात. ‘डायपेसन’ फक्त डाव्या अर्ध्यावर चालतो आणि उजव्या अर्ध्याला दुसऱ्याच नावाची खुंटी असते. हे एका कागदावर आधी लिहून काढावे.

मुद्रण पहाटे करावे, पंखे आणि फ्रिज बंद ठेवून. थंडीतले दिवस सर्वांत बरे, कारण शेजारीही पंखे नसतात. नवरात्राचे दिवस मात्र टाळावेत, बडोद्यात गरबा रात्री उशिरापर्यंत चालतो आणि त्याचा खालचा ठोका बंद खोलीतही मुद्रित होतो. माइक पेटीच्या मागे, साधारण हातभर अंतरावर ठेवावा. आपण पाय चालवणार असाल तर भात्याची करकर येईल, म्हणून पाय घरातल्या दुसऱ्या कोणीतरी अगदी संथ, एकसारख्या वेगाने चालवावेत आणि आपण फक्त पट्टी दाबावी. एका वेळी एकच स्टॉप उघडा ठेवावा. प्रत्येक स्वर सहा-सात सेकंद धरावा, सोडल्यावर तीन सेकंद कोणीही हलू नये, मग पुढचा. एका स्टॉपला ६१ स्वर, म्हणजे दमदार तासाभराचे काम. सर्व मुद्रण ४८,००० नमुन्यांच्या वेगाने, २४ बिटांत आणि माइकची पातळी न बदलता करावे. मी मध्येच पातळी वाढवली होती, त्यामुळे वरचे सप्तक एकदम पुढे आल्यासारखे ऐकू येई आणि ते सगळे पुन्हा मुद्रित करावे लागले.

यानंतरचे काम निवांतपणे करायचे. प्रत्येक वेव्ह फाइलमध्ये स्थिर स्वराचा फिरता तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याच्या खुणा घालाव्या लागतात. लूपऑडिशनिअर हे मुक्त स्रोताचे साधन त्यासाठीच आहे, आणि ते जागा सुचवतेही, पण अंतिम निवड कानाने करावी. पायपेटीत भात्यामुळे स्वर किंचित हेलावतो, त्यामुळे तुकडा फार छोटा घेतला तर तो हेलावा यंत्रासारखा पुन्हा पुन्हा ऐकू येतो. निदान दोन सेकंदांचा घ्यावा. ग्रँडऑर्गला ऑर्गनाची माहिती देणारी फाइल साध्या मजकुराची असते. कोणता स्टॉप, किती पट्ट्या, कोणती वेव्ह फाइल, हे ओळीओळीने लिहायचे. आधी एकाच स्टॉपची आणि बारा पट्ट्यांची फाइल करून ती उघडते का ते पाहावे, मग वाढवत जावे.

गंज चढलेल्या रीड मुद्रणाआधी घासून सुधारण्याचा मोह टाळावा. रीडच्या टोकाशी थोडासा धातू गेला तरी स्वर चढतो आणि मुळाशी गेला तर उतरतो. मऊ ब्रशने धूळ झटकणे एवढेच करावे.

मंद्रसप्तक

ताई, माझ्याकडे दोन चांगले माइक आणि यूएसबीचे ध्वनियंत्र आहे. अलकापुरीहून दांडिया बाजार जवळच, पहाटे यायला काहीच अडचण नाही. पाय चालवण्याचे काम मी करीन.

पायपेटी_बडोदे

दादा, अवश्य या. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला सुरुवात करू, त्या वेळी आमच्या गल्लीत दूधवालाही आलेला नसतो.

स्वरलेखन यांनी सांगितल्याप्रमाणे आज सगळ्या पट्ट्या एकेक वाजवून कागद तयार केला. पेटी एफ ते एफच आहे, आणि स्टॉप मध्यावर दुभंगलेले आहेत. खालून पहिली, म्हणजे २९ क्रमांकाची रीड ‘डायपेसन’वर पूर्ण मुकी आहे, तिच्याशेजारची ३० मात्र स्वच्छ बोलते. ३० चाच आवाज अर्धा स्वर उतरवून २९ च्या जागी ठेवला तर चालेल का, की ती जागा रिकामीच सोडावी?

स्वरलेखन

चालेल. इतक्या खाली अर्ध्या स्वराचा फरक रीडच्या रंगात जवळजवळ कळत नाही. माहितीच्या फाइलमध्ये २९ क्रमांकाच्या जागी ३० ची वेव्ह फाइल द्यावी आणि त्या पाइपाच्या स्वरमेळाच्या ओळीत वजा १०० सेंट, म्हणजे अर्धा स्वर खाली, असे लिहावे. पुढे कधी ती रीड दुरुस्त झालीच तर फक्त तेवढी एक फाइल बदलावी लागेल, म्हणून मूळ मुद्रणांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आजच्या तारखेसह जपून ठेवावी.